बालविभागातल्या भुतांना कुलूप लावणाऱ्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

बालविभागातल्या भुताखेतांच्या रहस्यकादंबऱ्या आपण उघड्या मांडणीवरून काढून मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवल्यात आणि कपाटाला कुलूप लावलंत. पुस्तक हवं असेल तर पालकांची लेखी संमती आणायची आणि या प्रकारातली नवी खरेदी पुढचा ठराव होईपर्यंत बंद, असा कागद सूचनाफलकावर लागला आहे. कारणं तीन दिली आहेत: मुलं घाबरतात, अंधश्रद्धा वाढते, आणि हे वाचन हलकं आहे.

आम्ही या विभागात वाचनतास घेणारे स्वयंसेवक, आसपासच्या शाळांमधले शिक्षक आणि काही पालक आहोत. कोणत्या मुलाच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं हे रोज आम्हाला ठरवावं लागतं, त्यामुळे या ठरावाचा पहिला फटका आमच्या कामाला बसतो. वाचनालयाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाद निर्णयाशी आहे, संस्थेशी नाही. पत्र मात्र उघड लिहितो आहोत, कारण कोकण किनाऱ्यावरच्या आणखी कुठल्या मंडळापुढे असाच ठराव आला तर तिथल्या लोकांच्या हाताशी उत्तर तयार असावं.

सुरुवात कपाटापासूनच करू. ठरावाच्या चर्चेत त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. कागदाला बुरशी धरायला ६५-७० टक्के आणि कोंडलेली हवा पुरते. आपलं कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला चिकटून उभं आहे. चिरा पाणी पितो. भिंतीची ओल कपाटाच्या पाठच्या फळीत उतरते आणि फळीला टेकलेल्या पुस्तकांत शिरते. आधी मुखपृष्ठाच्या प्लॅस्टिकखाली पांढुरके ठिपके येतात, मग पानांच्या कडा लाटेसारख्या वाकतात, शेवटी पाठीचा गोंद सुटून पानं हातात येतात. मुलांच्या कादंबऱ्यांची बांधणी बहुतेक वेळा नुसत्या गोंदाचीच असते, शिलाईची परवडत नाही. डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत असं कळलं. त्या कसरीला लागू पडतात, बुरशीला नाही. पुस्तकं कपाटातच ठेवायची असतील तर कपाट भिंतीपासून किमान चार इंच पुढे हवं, पायांखाली ठोकळे हवेत, पुस्तकं दोन बोटं जातील इतकी सैल लावलेली हवीत आणि आठवड्यातून एकदा, उघडीप बघून, दारं दोन-तीन तास सताड उघडी राहायला हवीत. यातलं काहीही झालेलं नाही. गणपतीपर्यंत ही रांग रद्दबातल पुस्तकांच्या यादीत जाईल आणि मग बंदीचा ठराव मागे घेतला तरी परत लावायला काही उरणार नाही.

आता 'हलकं वाचन'. हा आक्षेप आम्हाला सगळ्यांत जास्त लागला.

आठ-नऊ वर्षांचं मूल ३२ ते ४८ पानांची, मोठ्या टायपातली, चित्रांची पुस्तकं वाचतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याने २०० पानांची कादंबरी हातात घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. मधल्या चार-पाच वर्षांत त्याला ८० ते १३० पानांचं असं पुस्तक लागतं, जे खाली ठेववत नाही. बहुतेक मुलांची वाचनाची सवय सुटते ती इथेच. चरित्रं आणि विज्ञानकथाही या वयात चालतात, पण त्या मुळात वाचणाऱ्या मुलांनाच जास्त चालतात. न वाचणारं मूल मांडणीपाशी येतं ते दारामागे काय होतं हे कळायला.

या पुस्तकांची घडण एकदा नीट पाहावी, म्हणजे हलकं कशाला म्हणायचं ते ठरवता येईल. चांगली कुमार भयरहस्य कादंबरी साधारण १५ ते २५ हजार शब्दांची असते. बारा ते सोळा प्रकरणं, प्रत्येक प्रकरण १,३०० ते १,५०० शब्दांचं. मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे वाचनतासात दोन प्रकरणं आणि वर थोडी वादावादी एवढं आरामात बसतं. पहिल्या दोन प्रकरणांत जागा आणि तिचा एखादा नियम येतो: या विहिरीवर तिन्हीसांजेनंतर रहाट ओढायचा नाही, अमुक पाणंदीने शेवटच्या एसटीनंतर जायचं नाही. मोठी माणसं कशात तरी गुंतलेली हवीत, पण मूर्ख नकोत. मग तीन प्रसंग, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा जवळचा: पहिला नुसता ऐकू येतो, दुसऱ्याची खूण सापडते, तिसरा समोर घडतो. मध्ये किमान दोन चुकीचे तर्क, दोन्ही पटतील असे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भुताला मर्यादा हवी. ते काय करू शकतं आणि काय नाही हे लेखकाला पहिल्या पानापासून पक्कं ठाऊक असावं लागतं. सगळंच करू शकणाऱ्या भुताची भीती तिसऱ्या प्रकरणात संपते, कारण मग काहीही घडलं तरी नवल वाटत नाही.

हे वाचताना मूल काय करत असतं? चाळीस पानांपूर्वीची ओली पावलं लक्षात ठेवत असतं. कोण खोटं बोलतंय याचा अंदाज बांधतं. रात्री कोण कुठे होतं याचा हिशेब लावतं. आकलनाच्या उताऱ्याखाली आपण जे प्रश्न विचारतो, तेच काम इथे ते कुणी न सांगता करतं. बिघडतं कुठे, तेही सांगतो. शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं' म्हणणारा लेखक मुलाने जमवलेले सगळे पुरावे समुद्रात टाकतो, आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक ते मूल उचलत नाही. प्रत्येक वेळी भूत म्हणजे तस्करच निघाला तर तिसऱ्या पुस्तकापासून मुलं पहिल्या प्रकरणातच तस्कर शोधून मोकळी होतात. मोबाइलची रेंज ऐन वेळी जाते हे एकदा चालतं, आपल्याकडे तर ते अगदी खरंच असतं, पण तेवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही.

भीतीबद्दल आपली काळजी आम्हाला मान्य आहे. तिच्यावर योजलेला उपाय मान्य नाही.

एकच पुस्तक एका मुलाला हसवतं आणि दुसऱ्याची झोप उडवतं. म्हणून सगळ्यांना कुलूप आणि सगळ्यांना मोकळीक या दोन्हींच्या मधली वाट आम्ही मागच्या बैठकीसाठी लिहून दिली होती, ती विषयपत्रिकेवर आलीच नाही. पुन्हा सांगतो. पुस्तकाच्या पाठीवर तळापासून दोन इंचांवर कंदिलाची छोटी चिकटपट्टी लावायची, एक, दोन किंवा तीन. एक कंदील, साधारण आठ ते दहा वर्षं: गूढ पूर्ण उलगडतं, कुणी मरत नाही, प्रत्येक दोन प्रकरणांत एकदा तरी हसायला मिळतं. दोन कंदील, दहा ते बारा: भूत खरं असू शकतं, पण त्याला काहीतरी हवं असतं आणि ते देता येतं; मृत्यू असलाच तर जुना, गोष्टीच्या आधी घडलेला. तीन कंदील, बारानंतर: शेवटी एखादी गोष्ट उलगडायची राहते, घरातल्याच माणसाबद्दल संशय येतो. रक्तपात, छळाचं तपशीलवार वर्णन, मुलाने स्वतःला इजा करणं असलं काही असेल ते पुस्तक बालविभागात मुळीच नको, मग कंदील किती हा प्रश्नच उरत नाही. एक पुस्तक तपासायला दोघांनी ते पूर्ण वाचायचं. मलपृष्ठ वाचून कंदील लावायचा नाही, मलपृष्ठ नेहमी पुस्तकापेक्षा जास्त घाबरवतं.

वाचनतासातही काही पथ्यं आम्ही पाळतो, ती इथे नोंदवतो. तास सहाच्या आत संपवायचा, कारण मुलांना पाणंदीतून घरी जायचं असतं. प्रकरण अर्ध्या किंकाळीवर तोडायचं नाही, एखाद्या प्रश्नावर थांबवायचं. ज्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याला त्या महिन्यात दुसरं पुस्तक सुचवायचं, आणि चारचौघांत कारण सांगायचं नाही.

कुलपाचा परिणाम काय होतो तेही बघा. मोठ्यांच्या विभागातल्या भयकथा तशाच उघड्या आहेत. बालविभागात मिळत नाही म्हटल्यावर मूल आईच्या कार्डावर तिथलं पुस्तक नेतं, आणि ते त्याच्यासाठी लिहिलेलंच नसतं. नाहीतर फोन आहेच. फोनवरचा तो 'खऱ्या भुताचा खरा व्हिडिओ' स्वतःच खरा असल्याची शपथ घेतो. कादंबरी तशी शपथ घेत नाही. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव असतं, म्हणजे ही कुणीतरी रचलेली गोष्ट आहे हे मुलाला पहिल्यापासून ठाऊक असतं.

यावरूनच अंधश्रद्धेच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या कागदावर जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख आहे. २०१३चा तो अधिनियम आम्हीही मानतो, वर्गात शिकवतो. त्याची अनुसूची कृपया पुन्हा वाचावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं. अशी कृत्यं त्यात आहेत. गोष्ट लिहिणं, छापणं किंवा मुलाला वाचायला देणं त्यात कुठेही नाही. उलट चांगली रहस्यकादंबरी या कायद्याच्या बाजूने उभी राहते. विंचू चावलेल्या पोराला भगताकडे न्यायचं की आरोग्य केंद्रात, हा आपल्याकडे आजही घरोघरी होणारा वाद आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे आणलं, ते याच किनाऱ्यावरच्या रुग्णांवर काम करून. या एका प्रसंगावर कादंबरीचं मधलं प्रकरण उभं राहील, आणि ते भाषणापेक्षा जास्त मुलांपर्यंत पोचेल.

भूत हा शब्दच शाळेत नको, असं एका सदस्यांचं मत असल्याचं कळलं. कोकणातल्या भुतांची एक जुनी, मोठी नोंद शाळामास्तरांनीच करून ठेवली आहे. नाशिकला १९०९ मध्ये मारले गेलेले कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेली लोकसमजुतींची माहिती ब्रिटिश सनदी अधिकारी एन्थोव्हेन यांनी संकलित केली, त्यातला कोकणाचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खंडात पानोपानी तळटीपा आहेत आणि त्यांत अमुक गावचे शाळामास्तर, तमुक गावचे शाळामास्तर अशीच नोंद येते. मुंजा, देवचार, गिऱ्हा, खवीस, समंध, हडळ यांची माहिती या मास्तरांनी लिहून पाठवली. एवढं लिहूनही त्यांनी शाळा चालवल्या. शिमग्यात काळे कपडे, उंच टोपी आणि कमरेला घुंगरं बांधून संकासुर अंगणात येतो, मुलं किंचाळत माजघरात पळतात आणि दोन मिनिटांत त्याच्याच मागे धावतात. त्याला आपण लेखी संमती मागत नाही.

आपलं एक म्हणणं मात्र आम्हाला पूर्ण पटतं. मांडणीवर होतं ते सगळं चांगलं नव्हतं. त्यातला बराच भाग आम्हीच काढून टाकला असता, फक्त कारणं वेगळी दिली असती.

एक कारण समुद्राचं. पौर्णिमेच्या मध्यरात्री पांढरी आकृती ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे चालत जाते, हा प्रसंग लेखकांचा फार आवडता. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, तेव्हा कल्पना वाईट नाही. पण आपल्या किनाऱ्यावर कुठलंही शेंबडं पोर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तरी पौर्णिमेच्या मध्यरात्री तिथे उधाणाचं पाणी असतं. ओल्या वाळूवर चालायचं असेल तर भुताने पहाटे पाच-सहाला यावं. हीच चूक उलटी फिरवली की उत्तम पुरावा होतो. 'मी बारा वाजता पायी किल्ल्यावरून आलो' म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे बारा वर्षांची मुलगी बोटांवर हिशेब करून सांगू शकते. असा पुरावा फक्त इथल्याच पुस्तकात असू शकतो.

दुसरं कारण माणसांचं. हडळ म्हणून विधवा, वेडसर बाई किंवा गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी रंगवायची, आणि मालवणी बोलायला फक्त भित्रा गडी ठेवायचा. अशी पुस्तकं मुलांना भुतापेक्षा वाईट काही शिकवतात. १७ जुलै १९४७ला बुडालेल्या रामदास बोटीसारखी खरी दुर्घटनाही नको. सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं याच किनाऱ्यावर आहेत, आपल्या वाचनालयातही असतील.

आणि चांगलं लिहायला इथे सामग्री कमी नाही. आचऱ्याच्या गावपळणीत तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं. मग दुसऱ्या रात्री गावात उजेड कोणाचा? देवाचे गोठणे या गावातल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे हिवाळ्यात काही रात्री लाट फुटताना निळी उजळते आणि पाण्यात चालणाऱ्याच्या पायांभोवती उजेड दिसतो. कौलांवर मध्यरात्री चालणारं उदमांजर आणि गव्हाणी घुबडाची खरखरीत किंकाळी या दोन गोष्टींवर पहिली पाच प्रकरणं निघतात. यातले दहापैकी नऊ भाग उलगडून दाखवावेत आणि एक भाग तसाच सोडावा, असं आमचं मत. सगळंच उलगडलं की मूल पुस्तक मिटतं आणि विसरतं.

निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. बालविभाग सांभाळणाऱ्यांना विचारलं नाही, ग्रंथ निवड समितीची बैठक झाली नाही, काढलेल्या पुस्तकांची यादी दाखल क्रमांकासह लावलेली नाही. कुठलं पुस्तक कुठल्या पानासाठी आक्षेपार्ह ठरलं हे आजही कुणी सांगू शकत नाही. आणि लेखी संमतीची अट सगळ्यांवर सारखी बसत नाही. ज्याचे आईवडील मुंबईला कामाला आहेत आणि जो आजीजवळ राहतो, त्याने सही कोणाची आणायची?

आमच्या मागण्या अशा आहेत. काढलेली सर्व पुस्तकं पावसाळा लागण्याआधी कपाटातून बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसून आतल्या भिंतीच्या उघड्या मांडणीवर लावावीत. काढलेल्या पुस्तकांची दाखल क्रमांकांसह यादी सूचनाफलकावर लावावी. संमतीपत्राची अट रद्द करावी. एखाद्या पालकाला आपल्या मुलापुरती मनाई हवी असेल तर ती त्या मुलाच्या कार्डावर नोंदवावी, आम्ही ती पाळू. प्रत्येक पुस्तक दोघांनी वाचून कंदील लावण्याचं काम आमच्याकडे द्यावं. चिकटपट्ट्यांचा खर्च आम्ही करतो. नव्या खरेदीवरची बंदी उठवावी आणि निवड समितीत बारा ते चौदा वयाचे दोन वाचक घ्यावेत, मताधिकारासह. एखादं पुस्तक काढायचंच असेल तर लेखी कारण, पान क्रमांक आणि समितीची सही असावी. आणि मोठ्यांच्या विभागातल्या भयकथा बालविभागाच्या दारासमोरच्या रांगेतून हलवाव्यात. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी विनंती सभासद म्हणून आम्ही वेगळी देत आहोत. सभेला वेळ असेल आणि पाऊस त्याआधी लागला, तर तोवर निदान किल्ली बालविभागाच्या टेबलावर ठेवावी. दर शनिवारी कपाट उघडून पुस्तकं वाऱ्यावर लावायला आम्ही येऊ.

आपले,
बालविभागातील वाचनतासाचे स्वयंसेवक, शिक्षक आणि पालक